ठप्पा आणि छाप

देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी, जुन्या वस्तीत, आमच्या एका दिवंगत स्नेह्यांचे घर आहे. 2023 च्या मे महिन्यात त्या घराच्या माजघरात बसून आम्ही दोन दिवस त्यांचा संगणक चाळत होतो. आमचे स्नेही चित्रकलेचे शिक्षक. सारे गाव त्यांना मास्तर म्हणे, आम्हीही म्हणत असू. निवृत्तीनंतर नातवाच्या मदतीने ते संगणकावर रेखाटन करावयास शिकले आणि पुढली दहा-बारा वर्षे देवास आणि धार येथील जुन्या मराठी वाड्यांच्या लाकडी कामाची मापे घेऊन त्यांच्या रेषाकृती तयार करण्याचे काम त्यांनी एकट्याने केले. सुरुदार खांब, केळफुलांचे हस्त, महिरपी, गणेशपट्ट्या, दिंडी दरवाजांच्या चौकटी. वाडे पडत होते आणि मास्तर पाडणाऱ्यांच्या आधी तेथे पोहोचण्याची धडपड करीत होते. 2021 च्या एप्रिलमध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेत, ते गेले.

आम्हांला त्या संगणकाशी बसविले ते धारच्या एका सुताराने. तेथील एका वाड्याचा सज्जा खचला होता. मालकाला तो होता तसा उभा करावयाचा होता, आणि मास्तरांनी त्या घराण्याच्याच दुसऱ्या वाड्यातले हस्त पूर्वी रेखाटले होते हे कोणीतरी त्या सुताराला सांगितले होते. संगणकात 300 च्या आसपास चित्रे मिळाली, पण चित्रेच. ज्या मूळ फाइलींतून ती काढली होती त्या तेथे नव्हत्या. मास्तर एका ऑनलाइन सेवेवर, फुकट मिळणाऱ्या खात्यात, रेखाटन करीत. तयार आकृती चित्ररूपाने उतरवून घेत आणि मूळ तेथेच ठेवीत. त्यांच्या मागे दोन वर्षे त्या खात्यात कोणी शिरले नव्हते. दरम्यान त्या सेवेचे नियम पालटले होते. आमच्या पत्राला अतिशय सौजन्यपूर्ण उत्तर आले, की त्या खात्यातील सामग्री आता परत आणता येणार नाही.

येथवरची हकिकत कोणाच्याही घरची असू शकेल. पण तिच्यात आमचा एक वाटा आहे, आणि तो सांगितल्यावाचून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2019 च्या दिवाळीत मास्तर पेनड्राइव्ह घेऊन आमच्याकडे आले होते. ‘एक प्रत तुमच्याकडे असू द्या. चित्रे आहेत आणि मूळ फाइलीही आहेत,’ असे ते म्हणाले. आम्ही म्हणालो, ‘मास्तर, त्या मूळ फाइली आमच्याकडे उघडणारसुद्धा नाहीत. त्यांचे आम्ही काय करणार? चित्रेच द्या.’ त्यांनी वाद घातला नाही. चित्रे आमच्या संगणकात उतरवून दिली, चहा घेतला आणि पेनड्राइव्ह खिशात टाकून ते गेले. तो पेनड्राइव्ह पुढे सापडला नाही.

ज्या वस्तूचा आपणांस काही उपयोग नाही, किंबहुना जी आपणांस कळतही नाही, ती सांभाळण्याचे कर्तव्य आपणांवर असते काय? या प्रश्नाने गेली काही वर्षे आमची पाठ सोडलेली नाही. प्रश्न वरवर पाहता संगणकाचा आहे. फाइल कोठे सेव्ह करावी, कशात एक्स्पोर्ट करावी, बॅकअप किती घ्यावेत, एवढाच. पण धार-देवासच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला तो तेवढाच वाटू नये असे पुष्कळ काही या भूमीत आहे.

प्रथम चित्र आणि मूळ फाइल यांत भेद काय, ते पाहू. धार जिल्ह्यातील बाघ या गावी खत्री मंडळी कापडावर छपाई करतात. लोखंडाच्या गंजापासून काळा रंग, तुरटीच्या योगाने लाल. बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुलाई, धावड्याच्या फुलांसह उकळणे. हे सर्व ज्याच्या भोवती फिरते तो लाकडी ठप्पा. कापडावर उमटते ती छाप. हजार हात कापड छापून विकले गेले, फाटले, तरी ठप्पा शाबूत असेल तर नक्षी जिवंत आहे. उलट ठप्पा जळाला आणि कपाटात एक चादर राहिली, तर नक्षीची आठवण राहिली एवढेच म्हणता येईल. कुशल कारागीर त्या चादरीवरून नवा ठप्पा कोरील हे खरे. पण रंग जेथे पसरला तेथे मूळ रेष किती बारीक होती, हे त्याला अंदाजानेच ठरवावे लागेल. आणि एका नक्षीला ठप्पा एक नसतो. रेषेचा वेगळा, भरणीचा वेगळा. छापेत ते सारे एकमेकांत मिसळून जातात आणि मग विलग होत नाहीत.

मास्तरांच्या फाइलींचे हेच होते. संगणकावरील रेखाटनाच्या मूळ फाइलीत रेष ही रेष म्हणून नव्हे, सूत्र म्हणून साठविलेली असते: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, एवढ्या वळणाने. ती कितीही मोठी केली तरी तुटत नाही. तिचे माप विचारता येते, ती मागे-पुढे सरकविता येते. खांबाचा एक थर, नक्षीचा दुसरा, मापांचा तिसरा, असे थर वेगवेगळे उघडता-मिटता येतात. तीच आकृती चित्र म्हणून एक्स्पोर्ट केली की सर्व थर एकत्र दाबले जाऊन रंगीत ठिपक्यांची एक चटई तयार होते. दिसावयास तीच आकृती; पण तिला आता काही विचारता येत नाही. धारचा सुतार आमच्या छापील कागदावर पट्टी ठेवून म्हणाला, की याची उंची-रुंदी मी प्रमाणात बसवीन, पण नक्षी लाकडात किती खोल जाते आणि हस्ताची जाडी किती, ते यात कोठे आहे? ते त्यात नव्हते. ते मापांच्या थरात होते, आणि चित्र देखणे दिसावे म्हणून एक्स्पोर्ट करताना मास्तरांनी तो थर मिटून ठेवला होता.

शिल्पकारांना हा भेद नवा नाही. वसईचे रघुनाथ कृष्ण फडके, ज्यांचा लोकमान्य टिळकांचा पुतळा मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर उभा आहे, ते पुढे धारला स्थायिक झाले आणि 1972 मध्ये वारले. धारमधील त्यांचा स्टुडिओ जुन्या मंडळींना ठाऊक आहे. पुतळा घडविणारा प्रथम मातीत घडवितो. त्या मातीवरून साचा निघतो, साच्यातून प्लास्टरची प्रत आणि त्या प्रतीवरून शेवटी धातूचे ओतकाम. माती मोडते, साचाही बहुधा मोडतो. चौकात उभा राहतो तो धातूचा पुतळा आणि माळा घातल्या जातात त्याही त्यालाच. पण पुन्हा ओतावयाचे झाल्यास स्टुडिओच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या प्लास्टरला शरण जावे लागते. ते प्लास्टर कोणाला नको असते. त्याला जागा फार लागते आणि ते दिवाणखान्यात शोभत नाही.

नको असलेली वस्तू सांभाळणाऱ्या एका मराठी माणसाचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. काशीनाथ कृष्ण लेले हे धार संस्थानचे शिक्षणाधिकारी. आज भोजशाळा आणि कमाल मौला मशीद या दोन्ही नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत, अक्षरांची बाजू आत करून बसविलेल्या शिळा 1903 मध्ये त्यांच्या लक्षात आल्या. त्यांतील एकीवर ‘पारिजातमंजरी’ नावाची नाटिका कोरलेली होती. परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू मदन हा तिचा कर्ता; काळ तेराव्या शतकाचा आरंभ. लेले यांनी ठसे घेतले, ते जाणकारांकडे पोहोचविले आणि हुल्ट्श या जर्मन विद्वानाने ती नाटिका ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात प्रसिद्ध केली. नाटिका चार अंकी; शिळेवर अंक दोन. उरलेले दोन अंक आजवर हाती आलेले नाहीत. ज्याने हे नाटक दगडात कोरविले त्याने आपल्या परीने सर्वांत टिकाऊ साधन निवडले होते. त्याने प्रत मात्र, आपणांस दिसते तेवढ्यावरून, एकाच ठिकाणी ठेवली. ताडपत्रे कुजतात म्हणून दगड. पण दगड निखळून दुसरीकडे बसविला जाऊ शकतो हे त्याच्या ध्यानी आले नसावे. संगणकवाल्या मंडळींत आज एक साधा नियम सांगतात, की प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी परगावी असावी. मदन कवीची नाटिका या तिसऱ्या कलमावर अडली.

परगावच्या प्रतीचे मोल कळण्यासाठी तेराव्या शतकात जाण्याचीही गरज नाही. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या कंपनीचे माहितीकेंद्र आगीत भस्म झाले. तेथे ज्यांचे मूळ होते त्यांतील काहींचा बॅकअपही त्याच आवारात होता. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्राला आग लागली, आणि सरकारी नोकरांच्या ज्या साठ्यात 858 टेराबाइट सामग्री होती त्याची दुसरी प्रत कोठेच नव्हती. ‘ऑनलाइन’ या शब्दाने आपल्या मनात आकाशाचे चित्र उभे राहते. वस्तुतः तेथेही कोणाच्या तरी जमिनीवरचे कोणाचे तरी कपाटच असते.

पण लेले यांच्याकडे पुन्हा वळू. आम्हांला त्यांच्यात विशेष वाटते ते हे, की अर्ध्या नाटकाचा संस्थानच्या शिक्षणखात्याला काय उपयोग होता? शाळांत ते लावावयाचे नव्हते, रंगभूमीवर आणावयाचे नव्हते. समोर आहे ते कोणाच्या तरी उपयोगाचे आहे आणि तो कोणीतरी आपण नाही, एवढे त्यांनी ओळखले. आम्ही दिवाळीच्या दिवशी नेमके हेच ओळखले नाही. ‘आमच्याकडे उघडणार नाहीत’ हे आमचे वाक्य खरे होते. ते आमच्यापुरते खरे होते, हे आमच्या ध्यानात आले नाही.

परमारांच्याच राज्यात याहून विलक्षण उदाहरण आहे. भोपाळजवळ भोजपूर येथे भोजराजाच्या नावाशी निगडित असलेले अकराव्या शतकातील प्रचंड शिवमंदिर अपुरे राहिले. त्याच्या सभोवतालच्या खडकांवर, ज्या खाणींतून दगड काढला तेथेच, स्थपतींनी मंदिराच्या आकृत्या कोरून ठेवल्या आहेत: खांब, शिखरे, थरांची वळणे. भोजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ आहे. तो बडोद्यास गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत टी. गणपतिशास्त्री यांनी 1924-25 मध्ये दोन भागांत छापला. ब्रिटनमधील अभ्यासक ॲडम हार्डी यांनी त्या ग्रंथातील वर्णने आणि खडकांवरील रेषा यांचा एकत्र विचार करणारे पुस्तक 2015 मध्ये लिहिले. आम्ही भोजपूरला गेलो तेव्हा मंदिरापेक्षा त्या खडकांशीच अधिक वेळ रेंगाळलो. येथे छाप पुरी झालीच नाही आणि ठप्पा राहिला. मंदिर पुरे न करता गेलेल्या त्या कारागिरांनी काम मात्र अशा स्थितीत सोडले, की हजार वर्षांनी कोणी परका येऊन विचारील, ‘यानंतर काय बांधावयाचे होते?’ तर त्याला उत्तर मिळावे.

तथापि छापेला तुच्छ लेखणे हाही अन्यायच. बाघच्याच लेण्यांचे पाहा. तेथील भित्तिचित्रे अजिंठ्याच्या तोडीची मानली जातात. त्या काळी बाघ ग्वाल्हेर संस्थानात होते आणि संस्थानच्या पुरातत्त्वखात्याची धुरा मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्याकडे होती. 1921 मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सुरेंद्रनाथ कर हे शांतिनिकेतनचे चित्रकार तेथे जाऊन राहिले आणि त्यांनी भिंतीवरील चित्रांच्या प्रती केल्या. प्रतिकारांत भोसले, आपटे, जगताप अशी आपली नावेही आढळतात. 1927 मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने त्यांवर ग्रंथ काढला. त्यानंतर मूळ चित्रे ओल, काजळी आणि पडझड यांनी उतरत गेली. पुढे त्यांतील बरीचशी भिंतीवरून सोडवून घ्यावी लागली. आज बाघच्या मिरवणुकीतील हत्ती-घोडे आणि नर्तकी डोळ्यांसमोर आणावयाच्या तर आपण त्या प्रतींकडेच जातो. प्रत मूळाहून दीर्घायुषी ठरली. मास्तरांची 300 चित्रे नसती तर आज काहीच नसते, हे आम्ही विसरत नाही. प्रतीत काय येते ते मात्र नीट पाहावे. भिंतीवर होते ते सगळे तिच्यात येत नाही. 1921 साली एका कसलेल्या डोळ्याला त्या भिंतीवर जे दिसले, ते येते. गिलाव्याचे थर, आधी काढून मागाहून पुसलेली रेष, रंगाखालचा रंग, हे भिंतीबरोबर जाते. प्रत जेथे थांबते त्यापुढे प्रश्न विचारता येत नाहीत.

एक आक्षेप आम्हांला आमच्याच घरातून ऐकावा लागला, आणि तो हलका नाही. एवढे जपावयाचे कशासाठी? माळव्यात पितृपक्षात मुली शेणाने भिंतीवर रोज नवी संजा घालतात, फुलांच्या पाकळ्यांनी सजवितात आणि रोज संध्याकाळी गाणी म्हणतात. शेवटी मोठा किलाकोट घालून सारे पाण्यात सोडून देतात. दिवाळीचे मांडणे पुढच्या पावसापर्यंत टिकले तरी पुष्कळ. कोणी त्यांचा बॅकअप घेतला नाही आणि तरी ती शेकडो वर्षे टिकली आहेत. आमच्या सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, तुम्ही ज्याला नाश म्हणता तोच तिथे शिकण्याचा मार्ग आहे. पुसलं नाही तर पुढच्या वर्षी काढणार कोण?’ आम्हांला हे निरुत्तर करणारे वाटले आणि अजूनही अर्धे तसेच वाटते. संजाची मूळ फाइल मुलीच्या हातात असते. ती आईच्या हातातून मुलीच्या हातात उतरते, आणि उतरताना थोडी पालटते, तेही तिच्या स्वभावात बसते. पण सुरुदार खांब कातणारे हात देवासला आता किती आहेत? ज्या आकृतीला हात आहेत तिला कपाटाची गरज नाही, हे मान्य. जिचे हात गेले तिच्या बाबतीत मापांचा तो थरच हाताच्या जागी उभा असतो. आणि हे हात केव्हा गेले ते सहसा कोणाला कळत नाही; शेवटच्या सुताराने रंधा ठेवला त्या दिवशी गावात दवंडी पिटली जात नाही.

थोडे विषयांतर. सगळ्याच मूळ प्रती सर्वांच्या हाती असाव्यात असे आमचे म्हणणे नाही. देवासच्याच बँक नोट प्रेसमध्ये, जी 1974 मध्ये सुरू झाली, ज्या आकृत्या आहेत त्यांची दुसरी प्रत कोणी घरी नेऊन ठेवली तर तो सत्कार्याचा भाग ठरणार नाही. आणि प्रती दोन असल्या की सुख झाले असेही नाही. त्याचा अनुभव देवासइतका कोणत्या गावाला असेल? तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने थोरल्या पातीच्या महाराजांपाशी काही काळ नोकरी केली आणि त्या अनुभवावर 1953 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. एकाच मूळाच्या दोन प्रती स्वतंत्रपणे दुरुस्त होत गेल्या की काही काळाने खरी कोणती हे विचारण्यात अर्थ उरत नाही, दोन्ही खऱ्या. संगणकावर दोन ठिकाणी एकच फाइल ठेवणाऱ्यांना हा पेच रोज पडतो. देवासकरांनी तो दोनशे वर्षे निभावला.

आता जबाबदारीचा प्रश्न. आपल्या धर्मशास्त्राने ठेवीचा विचार फार बारकाईने केला आहे. व्यवहाराच्या अठरा पदांत निक्षेप हे एक स्वतंत्र पद. याज्ञवल्क्याने, पेटीत बंद करून, आत काय आहे ते न सांगता दुसऱ्याच्या हाती दिलेल्या द्रव्याला निराळे नाव दिले आणि ते जसे दिले तसेच परत करावे असे सांगितले. राजाने नेले, दैवाने गेले किंवा चोराने लांबविले तर ठेवून घेणारा दोषी नाही. पण धन्याने मागितल्यावर दिले नाही आणि मग ते नष्ट झाले, तर भरपाई आणि वर तेवढाच दंड. ऑनलाइन सेवांकडे आपण जे सोपवितो ते याच प्रकारचे द्रव्य. आत काय आहे हे ठेवून घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असावे असेही आपणांस वाटत नाही. फरक इतकाच, की आजचा ठेवून घेणारा ठेव घेण्यापूर्वीच आपणांकडून लिहून घेतो, की ती परत करण्याची हमी त्याने दिलेली नाही. आपण ते न वाचता मान्य करतो. मास्तरांनीही केले असणार.

काही सुधारणा होत आहेत. गूगलने 2013 पासूनच, खाते काही काळ निष्क्रिय राहिले तर ते कोणाच्या स्वाधीन करावे हे आधी नोंदवून ठेवण्याची सोय दिली आहे. दोन वर्षे न वापरलेली खाती पुसून टाकण्याचे धोरणही त्याच कंपनीने 2023 मध्ये जाहीर केले. आपल्या संसदेने 2023 मध्ये केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, आपल्या पश्चात आपले हक्क बजावण्यासाठी कोणाला तरी नेमून ठेवण्याची तरतूद आहे. बँकेच्या खात्याला वारस लावण्याची सवय आपल्या घरांत आहे. चित्रांच्या खात्याला अद्याप नाही. चित्रकाराच्या कृतीवर त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे वारसांचा स्वामित्वहक्क चालतो असे 1957 चा कायदा सांगतो. म्हणजे मास्तरांच्या रेषांवर काकूंचा हक्क 2081 पर्यंत आहे. कुलूप उघडावयाची किल्ली मात्र त्यांच्यापाशी एक दिवसही नव्हती. काकू त्या दिवशी उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, ‘मला पासवर्ड सांगितला असता तर मी वहीत लिहिला नसता का? गोडा मसाल्याची मापं चाळीस वर्षं ठेवलीत की मी.’ त्यांनी ते रागाने म्हटले नाही, म्हणून ते अधिक लागले.

सेवा देणाऱ्यांवर बोट ठेवणे सोपे आहे आणि काही अंशी न्याय्यही आहे. पण त्या शास्त्रकारांचे नियम ठेव स्वीकारणाऱ्यासाठी आहेत. ज्याने ती नाकारली त्याला ते सोडून देतात. आमच्यावर कोणतेही कलम लागू होत नाही. नाकारण्याचा हक्क प्रत्येकाला असतो, आणि असावा. अन्यथा कोणाचेही घर दुसऱ्याच्या अडगळीने भरून जाईल. आमची चूक नाकारण्यात नव्हती असे आम्ही स्वतःची समजूत घालून पाहिले. पण आम्ही सगळेच नाकारले नव्हते. आम्ही निवड केली होती. जे डोळ्यांना सुखद, जे एका टिचकीसरशी उघडते, जे दिवाळीला आलेल्या पाहुण्यांना दाखविता येते, ते घेतले. आणि जे दुसऱ्या कोणाला कामाला लागले असते ते परत केले. पेनड्राइव्हवर दोन्हींना मिळून जेवढी जागा लागत होती ती आमच्या संगणकातील एका लग्नाच्या चित्रफितीहून कमी होती. म्हणजे जागेचा प्रश्न नव्हता, श्रमाचा नव्हता, पैशाचा नव्हता. ‘मला कळत नाही’ याचे आम्ही ‘याला किंमत नाही’ असे भाषांतर केले, आणि ते इतक्या सहज केले की आम्हांला ते ऐकूही आले नाही. शिकल्या-सवरलेल्या माणसांकडून हे अधिक घडते असा आमचा संशय आहे. अडाणी मानली गेलेली आजी जुन्या पेटाऱ्यातले मोडी कागद वाचता येत नसतानाही फडक्यात गुंडाळून ठेवी. ते कागद रद्दीत घातले ते तिच्या पदवीधर मुलांनी.

मास्तरांच्या फाइली आमच्याकडे असत्या तरी त्या आज उघडल्या असत्या काय, असा प्रश्न एका जाणत्या मित्राने केला. रास्त आहे. एखाद्या कंपनीच्या खासगी स्वरूपात साठविलेली फाइल त्या कंपनीच्या आयुष्याला बांधलेली असते. आमच्या पिढीला याचा धडा मराठी अक्षरांनीच दिला. 1990 नंतरच्या दशकात आपल्या मंडळांच्या स्मरणिका, नियतकालिके पेजमेकरवर, युनिकोडपूर्व फाँटांत जुळविली जात. त्या फाइली आज उघडल्या तर ज्ञानेश्वरीवरील लेखाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाँट नाही, आणि फाँटावाचून त्या आकड्यांना अर्थ नाही. छापील अंक मात्र कपाटात स्वस्थ वाचता येतो. म्हणून मूळाबरोबर एक प्रत खुल्या स्वरूपातही काढून ठेवावी: रेषाकृतींसाठी एसव्हीजी, जे 2001 पासून सर्वमान्य मानक आहे, दिसण्यासाठी पीडीएफ, आणि मापे साध्या मजकुरात, कागदावरसुद्धा. मास्तर हयात असताना हे त्यांना सांगावयास हवे होते. सांगणार कसे? आम्ही स्वतः ते त्यांच्या मागे शिकलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तरांच्या नातवाला आठवले, की आजोबांनी शिकत असताना दोन आकृत्या त्याला तपासावयास पाठविल्या होत्या. त्याच्या जुन्या टपालात त्या सापडल्या. एसव्हीजी स्वरूपात, मूळ थरांसह. त्यांतील एक हस्तच होता, आणि योगायोगाने धारच्या त्याच घराण्याच्या वाड्यातला. सुतार तेव्हा आमच्याबरोबरच होता. आम्ही एकेक थर उघडत गेलो. जाडी मिळाली, नक्षीची खोली मिळाली. त्याने ती आपल्या डायरीत पेन्सिलीने उतरून घेतली. सर्वांत खाली एक थर होता, ज्याला मास्तरांनी नावही दिले नव्हते. तो उघडल्यावर आकृतीच्या कडेला बारीक अक्षरांत एक ओळ दिसली: उजवा हस्त वाळवीने खाल्लेला, डाव्यावरून उलटवून काढला आहे, खात्री करून घ्यावी.

आमच्याकडे असलेल्या देखण्या चित्रात उजवा आणि डावा असे दोन्ही हस्त होते, अगदी सारखे.

सुताराने ती ओळ नातवाकडून दोनदा वाचून घेतली. मग डावा हस्त कोठे पाहावयास मिळेल, असे त्याने विचारले. तो वाडा 2017 मध्ये पाडला आहे.